दाखल्यावरची तिसरी ओळ

गावात माणूस गेला की त्याचा एक कागद तिच्या टेबलावर येई. तो कशामुळे गेला ते डॉक्टरने त्यावर लिहिलेलं असे. ते वाचून कोपऱ्यात लाल शाईने त्या आजाराचा ठरलेला आकडा घालायचा, एवढंच तिचं काम. एकतीस वर्षं ती ते करत होती. धाकटा भाऊ तिला यमाची कारकून म्हणे. ती चिडत नसे, कारण चिडून उपयोग नव्हता. थट्टा करताना तो कोणालाच सोडत नसे.

काम कोणाला दिसत नसलं तरी बिनकामाचं नव्हतं. गावोगावच्या अशा कार्यालयांतून हे आकडे राजधानीत जात, तिथे त्यांचा भलामोठा तक्ता तयार होई आणि त्या तक्त्याकडे बघून ठरे, की देशाने कुठल्या आजारावर खर्च करायचा आणि कुठल्या गावाला कुठलं यंत्र द्यायचं. तक्ता करणाऱ्यांनी गाव बघितलेलं नसे. त्यांच्या लेखी गाव म्हणजे एक ओळ. आणि या गावची ओळ ताईच्या हातची होती. कार्यालयात सगळे तिला ताईच म्हणत, अगदी तिच्याहून मोठा असलेला शिपाईसुद्धा.

दाखल्यावर कारणासाठी तीन ओळी असत. पहिलीत लिहायचं, शेवटी काय झालं. दुसरीत, ते कशामुळे झालं. तिसरीत, त्याच्याही मुळाशी काय होतं. आकडा घालायचा तो तिसऱ्या ओळीचा, कारण खरं कारण तिथे असतं. शेवटी हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे?

पण गावात ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, ते नेमकं तेवढंच सांगत. पहिल्या ओळीत सुंदर, वळणदार अक्षरात ‘हृदय बंद पडले’, खाली सही, आणि मधल्या दोन ओळी कोऱ्या करकरीत. नियमाप्रमाणे असा कागद आला की डॉक्टरला विचारणेची चिठ्ठी पाठवायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी ताईने तशा तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. उत्तर आलं नाही, उलट तेव्हाच्या साहेबांनी बोलावून तिची हजेरी घेतली. ज्यांच्या हातावर तू जन्मलीस त्यांना तू प्रश्न विचारणार का, असं ते म्हणाले. मग ती शिकली. मोठ्या डॉक्टरांचा कागद आला की हृदयविकाराचा आकडा घालायचा आणि पुढचा कागद घ्यायचा. तिच्या टेबलावर कधी काही तुंबलं नाही. त्याबद्दल तिला दोनदा मानपत्रही मिळालं होतं.

आता धाकट्याविषयी. तो काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. वडीलही तिथेच होते. आई धाकट्याच्या जन्मातच गेली आणि वडील तो अकरा वर्षांचा असताना. तेव्हा ताई वीस वर्षांची होती. तिनेच त्याला वाढवलं, त्याचं लग्न करून दिलं आणि त्याच्याच घरात वरच्या खोलीत राहिली. वडील हृदय बंद पडून गेले हे धाकट्याच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की त्याने स्वतःचं हृदय तळहाताच्या फोडासारखं जपलं. रोज पहाटे चार मैल चालायचा. तंबाखूला हात लावला नाही. दरवर्षी वाढदिवसाला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन छातीचा आलेख काढायचा आणि घरी येऊन तो भिंतीवर चिकटवायचा. “घड्याळ आहे घड्याळ,” असं म्हणून छाती ठोकायचा.

आणि दोन वर्षांपूर्वी कळलं, की घड्याळ ठीक आहे पण किडन्या गेल्या. साखर बरीच वर्षं वाढलेली असणार, असं मोठ्या शहरातली डॉक्टरीणबाई म्हणाली, तुम्हाला कधी कोणी बघायला सांगितलं नाही का? धाकटा म्हणाला, “आमच्या घरात साखर नाही, बाई. आमच्या घरात हृदय आहे.”

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गावात यंत्र नव्हतं. सकाळी सहाला एक गाडी गावातून निघे, अडीच तासांनी मोठ्या शहरात पोचे आणि संध्याकाळी सातला परत येई. गाडीत पाच रुग्ण आणि प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. धाकट्याबरोबर वहिनी जात असे आणि त्यासाठी तिने शाळेतली नोकरी सोडली होती. ताईला सवयच तशी, म्हणून एकदा तिने गाडी मोजली. दोन भट्टीवाले, एक गवंडी, एक शिंपीण, एक मास्तर आणि त्यांची पाच धडधाकट माणसं. दहा जणांचे तीन तीन दिवस दर आठवड्याला रस्त्यावर सांडत होते. हे एका गावातल्या एका गाडीचं झालं. अशा गाड्या देशात किती असतील, हे मोजायला घेऊन तिने सोडून दिलं.

गाडीतल्या पाच जणांनी मिळून राजधानीत अर्ज केला होता, की आमच्या इस्पितळाला यंत्रं द्या. वर्षभराने उत्तर आलं. वहिनीने ते वाचायला ताईकडे आणून दिलं, कारण सरकारी भाषा तिलाच कळे. उत्तर सभ्य होतं. गेल्या दहा वर्षांत आपल्या गावात मधुमेह आणि किडनीच्या विकाराने झालेले मृत्यू अगदीच नगण्य आहेत, उलट हृदयविकाराचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे, त्यामुळे आपल्या इस्पितळाला हृदयतपासणीचं यंत्र यापूर्वीच देण्यात आलं आहे. ते यंत्र खरंच आलं होतं. ते चालवणारा माणूस आला नव्हता, म्हणून त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती.

पत्राला तक्ता जोडलेला होता. मधुमेह सात, किडनी तीन, दहा वर्षांत.

“बघ,” धाकटा म्हणाला, “आपल्या गावात किडनीने कोणी मरतच नाही. मला काही होत नाही आता.”

वहिनी हसली. ताईने तक्ता पुन्हा वाचला. ती ओळ तिने ओळखली होती. आकडे तिचेच होते.

दुसऱ्या दिवशी तिने दहा वर्षांचे गठ्ठे खाली काढले. मोठे डॉक्टर तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी दवाखाना बंद करेपर्यंत गावातली जवळजवळ सगळी माणसं त्यांच्याच सहीने गेली होती; नंतरचे आजारी मोठ्या शहरात नेत आणि त्यांचे दाखले तिकडेच होत. अकराशे चाळीस कागद. प्रत्येकावर ‘हृदय बंद पडले’ आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिच्या हातचा लाल आकडा. गाडीत शिंपिणीच्या जागी आधी बसणारी बाईसुद्धा त्यात होती. दीड वर्ष ती डायलिसिसला गेली होती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. ताईलाही माहीत होतं. कागद हातात आला तेव्हा तिने त्यावर हृदयविकार घातला होता आणि पुढचा कागद घेतला होता. तिला स्वतःची इतकी लाज यापूर्वी कधी वाटली नव्हती.

आत्ताचे साहेब तरुण होते, तिला मान देत. दुरुस्तीचा तक्ता महिन्याच्या अखेरपर्यंत पाठवता येतो, त्यांनी पाहून सांगितलं, पण प्रत्येक कागदाला डॉक्टरांचं लेखी उत्तर हवं. तेवीस दिवस आहेत. आणि ताई, यात चुका आपल्याच दिसतील.

“आपल्याच आहेत,” ती म्हणाली.

मोठे डॉक्टर कारखान्याच्या वसाहतीमागे एकटेच राहत. कार्यालय सुटल्यावर ती कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन गेली. त्यांनी तिला बसवलं, स्वतः चहा केला, आणि ती काय म्हणते ते कळल्यावर कप खाली ठेवला. पन्नास वर्षांत माझ्या सहीवर कोणी बोट ठेवलं नाही, ते म्हणाले. तिने वाद घातला नाही. फक्त ते पत्र आणि तो तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग उठून आतल्या खोलीचं दार उघडलं.

आत भिंतीला लागून बुटांची खोकी रचली होती. डॉक्टरांनी आजाऱ्यांची पाकिटं वर्षाप्रमाणे नाही, घराप्रमाणे लावली होती. एका घराला एक पाकीट, त्यात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे. आणि त्या पाकिटांत खरं होतं. साखर किती, लघवीत काय, पाय कधी काळा पडला, सगळं त्याच वळणदार अक्षरात.

“इथे लिहिलं होतं तर तिथे का नाही लिहिलं?” तिने विचारलं.

 दाखला घरचे लोक वाचतात, डॉक्टर म्हणाले. साखर लिहिली की बायकोला वाटतं मी गोड घातलं, मुलाला वाटतं मी लवकर नेलं नाही. जन्मभर बोचतं. हृदय बंद पडलं म्हटलं की कोणाकडे दोष जात नाही. “मेलेल्याला माझा काही उपयोग नव्हता,” ते म्हणाले, “मागे राहिलेल्यांची तेवढी सोय करत होतो.”

ताईला राग आला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. अशी भली खोड तिने आयुष्यात पाहिली नव्हती. चांगल्या माणसाने दयेपोटी एक ओळ कोरी सोडायची, दुसरीने मान राखायचा म्हणून तशीच पुढे ढकलायची, आणि एवढ्यावर एका गावातला सगळा आजार देशाच्या नजरेतून पुसला जायचा. कोणाच्या मनात पाप नव्हतं आणि माणसं मात्र मरत होती.

मग ते दोघे कामाला बसले. ती नाव वाचायची, डॉक्टर घर सांगायचे, पाकीट निघायचं, चिठ्ठी भरली जायची. डॉक्टरांचं अक्षर अजूनही वळणदारच येई. पहिल्या आठवड्यात दीडशे झाले, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट. एका पाकिटाशी डॉक्टर थांबले आणि म्हणाले, तुमच्या भट्टीवाल्यांचा एक शब्द आहे ना, तयार पाय?

होता. कारखान्यात जुन्या माणसाला चटका जाणवेनासा झाला की त्याचे पाय तयार झाले म्हणत. ती मोठी शेखीची गोष्ट असे. नव्या कामगारांसमोर जुने लोक गरम फरशीवर उभे राहून दाखवत. पुढे कधी पायाला भोक पडलंच तर कारखान्याच्या पेटीतलं भाजल्याचं पिवळं मलम लावायचं, कारण भट्टीवर प्रत्येक जखम भाजल्याचीच असते अशी सगळ्यांची समजूत.

“भट्टीने पाय तयार होत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “साखरेने मरतात. मी एकेकाला सांगायचो. ते हसायचे.”

 पिवळ्या मलमाचा वास ताईच्या नाकात आला होता. वडिलांचे पाय तयार होते. वडिलांच्या तळव्याला महिनाभर तिने स्वतःच्या हाताने ते मलम लावलं होतं. कोणाला सांगू नकोस, रजा पडेल, असं ते म्हणाले होते. धाकट्याला शाळेच्या सुट्टीत मामाकडे पाठवलं होतं. तो आला तेव्हा सगळं संपलं होतं.

अठराव्या दिवशी खोक्यातून तिच्या स्वतःच्या घराचं पाकीट निघालं. हे आपल्या दहा वर्षांत येत नाही, डॉक्टर म्हणाले, ठेवून दे. तिने उघडलं. वडिलांच्या कागदावर साखरेचे आकडे होते, जुने, चढत गेलेले. खाली लिहिलं होतं: पाय सडलेला, फार उशिरा दाखवला. दाखल्याची प्रतही त्यातच होती. हृदय बंद पडले.

“तुला आठवत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तू दारात उभी होतीस. हाताला ते मलम होतं. मला विचारलंस, माझ्यामुळे झालं का? मी म्हटलं, नाही गं, हृदय बंद पडलं. तुझा चेहरा एकदम सैल झाला. मग घरी येऊन मी तेच लिहिलं. माझा तसा तो पहिला दाखला.” त्यांनी पुढचं पाकीट ओढलं. “नंतर सोपं होत गेलं.”

ती खुर्चीवर बसली. एकतीस वर्षं ती जे कागद पुढे ढकलत आली होती, त्यांची सुरुवात तिच्याच एका प्रश्नापासून झाली होती. तिच्यावर दया झाली होती. त्या दयेची भरपाई धाकटा आठवड्यातून तीनदा करत होता.

“तो दरवर्षी तुमच्याकडे यायचा,” ती म्हणाली.

“तिशीत एकदा गुपचूप साखर बघितली होती. नीट होती. पुढे दरवर्षी बघायला हवी होती.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “पण का बघतो ते त्याला सांगावं लागलं असतं. आणि मग तुला.”

त्यांनी क्षमा मागितली नाही आणि तिने ती दिलीही नाही. उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी तशाच, फारसं न बोलता भरल्या. तेविसाव्या दिवशी दुरुस्तीचा तक्ता साहेबांच्या सहीने राजधानीत गेला. जिथे सात होते तिथे तीनशे सहा, जिथे तीन होते तिथे एकशे नऊ. आठवडाभरात राजधानीतून फोन आला, की हे खरं आहे का, काही साथ वगैरे आली आहे का. साथ नाही, ताईने सांगितलं, हे कायमच होतं, आम्ही लिहिलं नव्हतं. अर्ज पुन्हा विचारात घेतो, असं लेखी आलं. निकाल लागायला चार महिने. तोवर गाडी होतीच.

तक्त्याचं काम झालं, पण वडिलांचा दाखला फार जुना होता. त्याला आता ना चिठ्ठी होती ना आकडा. तो दुरुस्त करायची एकच जागा होती आणि ती घरात होती. चार दिवस ताई जिन्यातून वर-खाली करत राहिली. तोंडापर्यंत यायचं आणि ती मीठ आणायला निघून जायची. धाकटा तिला टाकेल अशी भीती तिला नव्हती. तो एवढं दुखणं सोसत होता, त्यात हे आणखी त्याच्या उरावर कशाला, असं तिचं मन सांगे. मग तिच्या लक्षात आलं, की डॉक्टरांचंही मन अगदी हेच सांगत होतं.

गाडी नसलेल्या दिवशी, दुपारी, धाकटा खिडकीपाशी पाय लांब करून बसला होता. भिंतीवर छातीचे सतरा आलेख ओळीने लावलेले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. मलम, पाय, दारातला प्रश्न, पहिला दाखला. काही गाळलं नाही.

धाकट्याने भिंतीवरच्या आलेखांकडे पाहिलं.

“म्हणजे मी वीस वर्षं पहाटे उठून चाललो ते उगाचच,” तो म्हणाला.

तो थट्टा करतोय असं वहिनीला वाटलं. पण त्याचा आवाज फाटला. त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. “माझे पण पाय तयार होते, ताई. मी पोरांना दाखवायचो.” आणि थोड्या वेळाने, “मला कोणीतरी सांगायला हवं होतं.”

“हो,” ताई म्हणाली. “मी.”

“तुला तरी कुठे कोणी सांगितलं होतं.”

“मी विचारलं नाही. विचारायचंच काम होतं माझं.”

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. रागावला होता, आणि त्याला तेवढा हक्क होता. ताई उठली नाही. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली, रस्त्यावरून सायकली गेल्या.

तेवढ्यात त्याची मुलगी कॉलेजातून आली. तिला एकोणिसावं चालू होतं. आल्या आल्या तिने पायातून चपला भिरकावल्या आणि तशीच अनवाणी, उन्हाने तापलेल्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली. तिघांचंही तिकडे लक्ष गेलं. पाय भाजून ती एकदम ओरडली आणि उड्या मारत आत आली. धाकट्याने डोळे मिटून श्वास सोडला.

“इकडे ये,” त्याने तिला हाक मारली. “उद्या सकाळी काही खाऊपिऊ नकोस. आत्या तुला रक्त तपासायला घेऊन जाईल.”

“मला? मला काय झालंय?”

वहिनीने ताईकडे बघितलं. काही नाही गं, सहज, असं म्हणायला वहिनीचे ओठ हलले होते. त्या घरात तेच म्हणायची पद्धत होती.

“काही झालेलं नाही,” धाकटा म्हणाला. “पण आपल्या घरात साखर आहे. माझ्या वडिलांना होती, त्याने ते गेले. मला आहे. तुला असेल तर आत्ताच कळू दे.”

मुलगी भाजलेला पाय दुसऱ्या पायावर घासत उभी होती. तिने आत्याला विचारलं, किती वाजता निघायचं?